कबुतरवाल्याचा शब्द

रविवारी आमच्या कोरोंत शहाण्या माणसाने कुणाशी बोलायला जाऊ नये. खाणकामगारांच्या घरांची ती लांबलचक रांग, प्रत्येक घरामागे पट्टीएवढी बाग, बागेच्या टोकाला कबुतरांची ढाबळ आणि ढाबळीपाशी माना वर करून उभे असलेले बाप्ये. तुम्ही 'बोंजूर' म्हणालात तर उत्तर 'श्श!' बायको म्हणाली सूप गार होतंय, तरी 'श्श!' शर्यतीसाठी दूर बोर्दोला सोडलेलं कबूतर परत येऊन छपरावर टेकलं की त्याला गोडीगुलाबीने आत घ्यावं लागतं. त्या वेळी शेजारचा कुणी शिंकला तर ते उठून धुराड्यावर जाऊन बसतं आणि मालक खाली उभा राहून मनातल्या मनात शिव्या देतो. शर्यतीच्या रविवारी पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आवरतं घेत. त्यांचा सख्खा भाऊ कबुतरवाला होता.

ओमेर वाशो या रांगेतच वाढला आणि पळायला शिकला तोही कबुतरांपायीच. गावात घड्याळ एकच. ते कबूतर मंडळाचं, मोहोरबंद, पाल्मीरबाईंच्या गुत्त्यात टेबलावर ठेवलेलं. कबूतर ढाबळीत शिरलं की त्याच्या पायातली रबरी कडी काढायची, गुत्त्यापर्यंत धावत न्यायची आणि घड्याळाच्या भोकात टाकायची. कडी पडेल ती वेळ खरी. कबूतर बिचारं अर्धा फ्रान्स ओलांडून येणार आणि शर्यत हरणार ती बाग ते गुत्ता एवढ्या वाटेत, का तर तुमचा धावणारा पाय ओढत आला म्हणून. त्यामुळे आमच्याकडे ज्याच्या घरी चपळ पोरगा त्याला लोक नशीबवान म्हणत.

कासिमीर वाशोला तसा पोरगा होता. स्वतः कासिमीरच्या छातीत कोळशाची धूळ बसलेली. चार पावलं भरभर टाकली की भिंतीला हात लावून उभा राहायचा. खाणीच्या तळातून त्याला वर काढून दिवेघरात दिवे पुसायला बसवलं होतं, ते त्याला बाईमाणसाचं काम वाटे. पण रविवारी तो राजा. त्याची कबुतरं बरी होती, फार नावाजलेली नव्हती. ओमेर धावायला लागला तेव्हापासून ती पहिली येऊ लागली. बक्षीस म्हणून एकदा डुकराची अख्खी मांडी आली, एकदा कॉफी दळायचं यंत्र, एकदा तांब्याचं पातेलं. ते पातेलं ओमेरच्या आईने, एर्मांसने, भिंतीवर टांगलं आणि त्यात कधी काही शिजवलं नाही. शेजारीपाजारीही यायचे.

"कासिमीर, तासभर पोरगं दे ना. माझा जावई धावतो का चालतो तेच कळत नाही."

"घेऊन जा. पण उपाशी परत पाठवू नका."

आणि ओमेर परत यायचा तो कुणी दिलेलं सॉसेज नाहीतर एखादा बुटांचा जोड घेऊन.

खाणीच्या एका तरुण इंजिनिअरने त्याला असाच धावताना पाहिलं. ओमेर तेव्हा विशीत आला होता. आठवडाभर खाणीत बुटक्या बोगद्यातून कोळशाच्या गाड्या ढकलायचा, तोही वाकून, कारण तिथे उभं राहायला जागाच नसते. इंजिनिअर त्याला लील शहरात घेऊन गेला. तिथल्या मोठ्या संघात वकील, डॉक्टर आणि गिरणीमालकांची मुलं धावत. तिथे त्याला पांढरा बनियन आणि गुडघ्याच्या वर येणारी चड्डी मिळाली. एर्मांसने ती चड्डी चुलीसमोर धरून उलटसुलट केली आणि विचारलं, "उरलेली कुठाय?"

पहिल्या दिवशी मैदानावर तो उजवी मूठ घट्ट आवळून धावला. मुठीत कडी नाही हे हाताला माहीत नव्हतं. साहेबांची पोरं हसली. पण पंधराशे मीटर संपले तेव्हा ती सगळी मागे होती आणि हसायला कुणाला दम उरला नव्हता. दोन वर्षांत त्याने उत्तरेकडचं सगळं जिंकलं. आता उन्हाळ्यात पॅरिसची देशभराची शर्यत होती.

ओमेरला त्यातून काय मिळणार होतं? कुणी विचारलं तर त्याला सांगता येत नसे. पैसा तर नव्हताच. साहेब लोकांच्या खेळात पैशाचं नाव काढणं म्हणजे पाप. एकदा आईला तो म्हणाला होता, "आई, तिथे मी सरळ उभा असतो गं." एर्मांसला ते समजलं, कारण तिने त्याचे गुडघे धुतले होते. धावणं गेलं असतं तर या माणसाच्या आयुष्यात वाकणंच उरलं असतं.

पॅरिसच्या शर्यतीआधी लीलच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार गावात आला. त्याला खाणीतल्या धावपटूवर लिहायचं होतं. ओमेर कामावर होता, म्हणून लोकांनी त्याला गुत्त्यात कासिमीरसमोर आणून बसवलं. कासिमीरने त्याला जुनिपरची कडक दारू पाजली, स्वतः प्यायला आणि मग काय विचारता! त्याने मांडी सांगितली, कॉफीचं यंत्र सांगितलं, पातेलं सांगितलं, बुटांचा जोड सांगितला.

"माझ्या पोराने पायांच्या जोरावर आमचं घर सजवलंय, मस्यू! लिहा, लिहा. मांडी किती मोठी होती तेही लिहा."

बातमीदाराने सगळं लिहिलं. छापून आलं तेव्हा मंडळाचा अध्यक्ष म्हातारा ग्रेग्वार खुर्चीवर उभा राहून ते वाचत होता आणि मांडीच्या वर्णनाला लोकांनी टाळ्या दिल्या. पाल्मीरबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना एकेक पेला फुकट दिला, जे आमच्या गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. त्या अख्ख्या गुत्त्यात एकाच्याही डोक्यात आलं नाही की यात काही वावगं आहे.

दोन दिवसांनी इंजिनिअर घरी आला. टोपी हातात, चेहरा पडलेला.

"वाशो, हे काय करून बसलात तुम्ही?"

"काय केलं साहेब?"

"बक्षिसासाठी धावलेला माणूस आमच्या संघाच्या शर्यतीत धावू शकत नाही. नियमच आहे. वस्तूसाठी धावला म्हणजे तो धंदेवाईक झाला."

कासिमीरला वाटलं साहेब चेष्टा करतोय. "डुकराची मांडी म्हणजे धंदा? साहेब, ती तर नाताळातच संपली. तुमच्याकडेही एर्मांसने तुकडा पाठवला होता की!"

इंजिनिअर ओशाळला. खरंच पाठवला होता. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण चौकशी होणार. रविवारी लीलला दोघांनाही बोलावलंय. ओमेरला कायमचं काढून टाकतील."

ओमेर दारात उभा होता, अजून अंगावर कोळसा. तो मागे नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. कासिमीर खिडकीतून त्याची पाठ बघत होता. मग एर्मांसला म्हणाला, "माझा काळा कोट काढ."

रविवारी, कबुतरांची शर्यत असूनही, कासिमीर गाडीत बसून लीलला गेला. त्या दिवशी त्याची करडी मादी आंगुलेमहून यायची होती. ढाबळीचं दार त्याने एर्मांसच्या भरवशावर सोडलं. गाडीत तो ओमेरला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"तू काही बोलायचं नाहीस. बोलायचं ते मी बोलेन. तू फक्त हो म्हण."

"कशाला हो म्हणू?"

"मी सांगेन त्याला."

चौकशी एका वकिलाच्या घरी होती. खाली गालिचा होता आणि कासिमीर त्यावर पाय ठेवावा की नाही म्हणून कडेकडेने चालला. टेबलामागे चार साहेब. मधले मस्यू द ब्रिमो, पांढऱ्या मिशांचे, आवाजाला फार मऊ. माणूस वाईट नव्हता. ओमेरला त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. कोपऱ्यात तोच बातमीदार वही घेऊन बसला होता आणि कासिमीरकडे बघायचं टाळत होता.

"मस्यू वाशो," द ब्रिमो म्हणाले, "वर्तमानपत्रात आलंय ते तुम्ही बोललात?"

"बोललो साहेब."

"मग तुमच्या मुलाने वस्तू घेऊन शर्यती जिंकल्या हे खरं?"

"साफ खोटं," कासिमीर म्हणाला.

ओमेरने मान वळवून बापाकडे पाहिलं. कासिमीरच्या कपाळावर आणि नाकावर कोळशाचे निळे व्रण होते, खाणीतल्या प्रत्येकाला असतात तसे. गाल मात्र लाल झाले होते.

"मी प्यायलो होतो साहेब. आणि बढाया मारायची मला सवय. ना मांडी मिळाली, ना पातेलं. पातेलं सासऱ्यांनी दिलेलं. माझी कबुतरं कधी पहिली आलीच नाहीत. पोरगा धावायचा तो आपला हौसेने."

ही शेवटची वाक्यं म्हणताना त्याला धाप लागली. आपल्याच कबुतरांना नावं ठेवणं कासिमीरला किती जड गेलं असेल ते आमच्या गावातल्या माणसालाच कळावं. साहेबांना ते कळलं नाही. त्यांना दम्याचा म्हातारा दिसला.

द ब्रिमोंनी शेजारच्यांकडे पाहिलं. त्यांनाही मुलगा हवा होता, पॅरिसला उत्तरेचं नाव काढणारा दुसरा कोण होता? पण नियम नियम होता आणि बातमीदार समोर बसला होता. ते ओमेरकडे वळले.

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मुलाने वडिलांविरुद्ध बोलावं हे मला आवडत नाही. पण उपाय नाही. तुमचे वडील बातमीदाराशी खोटं बोलले का?"

ओमेरला पॅरिस दिसत होतं आणि पॅरिसच्या मागे बुटका बोगदा. कासिमीर टेबलाच्या पायाकडे बघत होता आणि त्याची हनुवटी हलकेच खालीवर होत होती. हो म्हण, हो म्हण.

"हो," ओमेर म्हणाला.

एवढ्यावर पुरलं असतं. पण द ब्रिमो अजून त्याच्याकडे बघत होते, आणि ओमेरला वाटलं की हे पुरणार नाही, यांना अजून शंका आहे, सगळं आत्ता हातातून जाईल. तो घाबरला.

"ते नेहमीच खोटं बोलतात," तो म्हणाला. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. कबुतरांबद्दल तर नेहमीच."

कासिमीरची हनुवटी थांबली. मग तो हसला, साहेबांकडे बघून खांदे उडवले आणि म्हणाला, "बघा. पोटचा पोर सांगतोय."

साहेब मोकळेपणाने हसले. द ब्रिमोंनी उठून ओमेरचा हात हातात घेतला. बातमीदाराने वहीत काहीतरी लिहिलं. चौकशी संपली होती.

परतीच्या गाडीत कासिमीरने रुमालातून चरबी फासलेला पाव काढला आणि मोठा तुकडा ओमेरला दिला. ओमेरने तो हातातच धरून ठेवला.

"बाबा, मी तसं म्हणायला नको होतं."

"छान बोललास. मी तर घाबरलो होतो, तू गप्प बसतोस की काय."

"नेहमीच, असं म्हणालो मी."

"मग काय चुकलं? तुझ्या आईला लग्नाआधी मी सांगितलं होतं, मला दारू आवडत नाही. विचार तिला." असं म्हणून तो हसायला गेला आणि खोकत राहिला. उतरायचं लांसचं स्टेशन येईपर्यंत खोकला थांबला नाही.

करडी मादी त्या दिवशी सगळ्यात आधी परतली होती. एर्मांसने स्वतः कडी काढून पळत नेली होती, पण बाईमाणसाचं पळणं, तिसरा नंबर आला. कासिमीरने मादीला हातात घेतलं, तिच्या पोटावरून बोट फिरवलं आणि तिसरा नंबर चांगलाच आहे म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ओमेर लीलला गेला. शर्यत होईपर्यंत संघाच्या एका डॉक्टराकडे राहायचं आणि सराव करायचा असं ठरलं होतं. खाणीतून इंजिनिअरने सुट्टी मिळवून दिली होती. डॉक्टराच्या घरी वर्तमानपत्र यायचं. त्यात चौकशीची बातमी आली, तीही त्याने पाहिली. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'मुलगाच म्हणतो, नेहमीच खोटं बोलतात.' त्याने ते पान दुमडून इतर कागदांच्या खाली सारलं. गावाकडून काही निरोप आला नाही. त्याने तो मागितलाही नाही. शर्यत झाली की जाऊन सगळं नीट करू, असं तो स्वतःला सांगत होता आणि काय नीट करायचं आहे याचा विचार टाळत होता.

पॅरिसला तो जिंकला. गर्दी होती, बँड होता, झेंडे होते. शेवटच्या वळणावर त्याच्या पुढे एक उंच पोरगा होता, कुठल्याशा बँकवाल्याचा, सुंदर धावत होता. ओमेर सुंदर धावत नव्हता. तो आमच्या गल्लीतल्यासारखा धावला, कोपर बाहेर काढून, खांद्याने हवा ढकलत, आणि पुढे गेला. द ब्रिमोंनी त्याला मिठी मारली तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या होत्या. संघाने चार दिवस त्याला सोडलं नाही. जेवणं झाली, भाषणं झाली.

पुढच्या रविवारी तो घरी आला. स्टेशनवर कुणी नव्हतं, त्याचं त्याला वाईट वाटलं नाही, कारण रविवारी आमचं गाव राजा आला तरी स्टेशनवर जाणार नाही. त्या दिवशी दाक्सची शर्यत होती, वर्षातली सगळ्यात लांबची. कोरोंत शिरला तर बागेबागेत माना वर. तो ओळखीच्या पाठींमागून चालत गेला. फ्लोरिस लकॉक, शेजारी, लहानपणी ज्याच्यासाठी तो किती वेळा धावला असेल, त्याने एकदा खाली बघितलं, ओमेर दिसला आणि त्याने पुन्हा वर बघितलं. श्शसुद्धा म्हणाला नाही.

कासिमीर मागच्या बागेत खुर्ची टाकून बटाटे सोलत होता. रांगेतल्या सगळ्या पुरुषांत तेवढा एक माणूस खाली बघत होता.

"आलास," तो म्हणाला. "जिंकलास असं साहेब सांगून गेले. शाबास."

"बाबा, आज दाक्स आहे ना?"

"असेल."

ओमेरने ढाबळीकडे पाहिलं. दार उघडं होतं. आतून आवाज येत नव्हता. तो जवळ गेला, आत डोकावला. फळ्या घासून धुतलेल्या, पाण्याची भांडी पालथी घातलेली. एक पीसदेखील नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने त्याला खुणेने आत बोलावलं.

"मंडळाने काढलं त्यांना," एर्मांस हळू आवाजात म्हणाली. "खोटं बोलणाऱ्याची कबुतरं शर्यतीत कशी घेणार? आमच्यात तर सगळं शब्दावर चालतं. दोघांच्या कड्या एकदम पोचल्या, धावणारा वाटेत पडला, मालक सांगेल ते खरं. आणि वर्तमानपत्रात तर..." ती थांबली.

"आणि कबुतरं? कुणाला दिली?"

"कुणाला देणार? देऊन ती राहतात का? सोडली की पुन्हा आपल्याच छपरावर. फ्लोरिस म्हणाला, असू देत, कोंडून ठेव, चारा मी घालतो. तर हे म्हणाले, उडवायची नाहीत आणि कोंडायची? मी काय कमी कोंडलेला होतो खाली?" तिने ॲप्रनला हात पुसले, हात कोरडेच होते. "आठवडाभर रोज कबुतरं शिजवली मी. वाटाणे घालून. हे जेवायला बसायचे आणि नुसता पाव खायचे. करडीची मान त्यांच्याने मुरगळवेना. मी मुरगळली."

ओमेर तिथे थांबला नाही. पदक खिशात होतं, ते मांडीवर आपटत होतं आणि तो गुत्त्याकडे निघाला, धावत नाही, चालत. आत घड्याळाभोवती मंडळाची माणसं बसली होती. ग्रेग्वार मधोमध, छातीवर मंडळाचा बिल्ला.

"माझ्या बापाला काढलंत तुम्ही?" ओमेर दारातूनच ओरडला. "त्या डुकराच्या मांडीतलं तुम्ही सगळ्यांनी खाल्लंय! ग्रेग्वारकाका, तुम्ही दोनदा वाढून घेतलं होतं!"

"घेतलं होतं," ग्रेग्वार म्हणाला.

"मग? तुम्हाला माहीत आहे तो माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही! खोटं मी बोललो!"

"ते इथे सगळ्यांना माहीत आहे, पोरा. बस."

"बसायला नाही आलो. तुमच्या हातांनी काढलंत त्याला. मला सांगा, कुणी कुणी हात वर केला?"

पाल्मीरबाई पेला पुसता पुसता थांबल्या. कोपऱ्यातला एक जण उठून बाहेर गेला. ग्रेग्वारने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तो दारूत काहीतरी बरळला एवढंच छापलं असतं ना, तर आम्ही हसून सोडून दिलं असतं," तो सावकाश म्हणाला. "पण छापलं, नेहमीच. कबुतरांबद्दल नेहमीच. शेजारच्या गावांची मंडळं म्हणायला लागली, तुमच्याकडे असा माणूस असेल तर तुमचे निकाल आम्ही का मानायचे? तरीही मी म्हणालो, म्हणू देत. सगळे म्हणाले, म्हणू देत. सभेत मी स्वतः म्हणालो, कासिमीर, आपण ठरवू की तू प्यायलेला होतास आणि तुझं पोर घाबरलेलं होतं. झालं गेलं."

"मग?"

"मग तो उठला. म्हणाला, तुम्ही मला ठेवलंत तर लीलचे साहेब म्हणतील, गावाने याला ठेवला म्हणजे हा खरं बोलणारा माणूस आहे. आणि मी खरं बोलणारा असेन तर माझं पोर पॅरिसला धावणार नाही. मला काढा. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मत घ्या. मी मत मागितलं, कारण त्याचा तो हक्क होता." ग्रेग्वारने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "सगळ्यात पहिला हात त्याचाच वर गेला. बाकीचा एकही येत नव्हता. तो एकेकाचं नाव घेत गेला. फ्लोरिस, हात वर कर. जुन्या ओळखीखातर वर कर. असं करत करत सगळ्यांचे वर करून घेतले त्याने. माझाही."

बाहेर कुणीतरी धावत येत होतं, दगडी रस्त्यावर बुटांचा आवाज झाला. एक पोरगा आत घुसला, मुठीतली कडी घड्याळात टाकली, किल्ली फिरली. फ्लोरिसचं कबूतर पहिलं आलं होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी टेबल वाजवलं नाही. पोरगा गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिला.

"मी उद्या लीलला जातो," ओमेर म्हणाला. "पदक परत देतो. सगळं सांगतो."

"सांग," ग्रेग्वार म्हणाला. "मग त्याची कबुतरं कशापायी मेली तेही त्याला सांग."

ओमेर घरी परतला तेव्हा बटाटे संपले होते. कासिमीर रिकामं घमेलं मांडीवर घेऊन तसाच बसला होता. ओमेर त्याच्यासमोर जमिनीवर बसला. शेवटी कासिमीरलाच राहवेना.

"कुणाचं आलं?"

"फ्लोरिसचं."

"कुठलं? पांढऱ्या शेपटीचं?"

"मी विचारलं नाही."

"विचारायचं होतंस." कासिमीरने मान हलवली. "दाक्सहून पांढऱ्या शेपटीचं आलं असेल तर कमाल आहे. वारा तोंडावर होता सगळा." मग जरा थांबून म्हणाला, "पुन्हा कधी जायचंय?"

"जायचं नाही. सोडलं मी."

कासिमीरने घमेलं खाली ठेवलं. ओमेरने बापाला इतक्या वर्षांत चिडलेलं पाहिलं नव्हतं. आता त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"सोडलं? तू सोडलंस तर मी कोण उरलो रे? नुसता खोटारडा. फुकटचा खोटारडा. तू धावतोयस तोपर्यंत मी काहीतरी केलंय. जाशील. बोलावतील तिथे जाशील, आणि पळशील."

ओमेर रडायला लागला. खाणीत दरड कोसळून मित्र गेला तेव्हा रडला नव्हता, तो आता बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकून मोठ्याने रडला. शेजारच्या बागांतून सगळ्यांना ऐकू जात होतं आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

"बाबा, तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"एकदा बोललो," कासिमीर म्हणाला, आणि खडबडीत हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "एकदाच बोललो, पोरा. ते तेवढं वाया घालवू नकोस."